शनिवारपर्यंत थांबलेली अंडी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. पुढे धावणारं मागे आणायचं, मागे पडणारं पुढे ढकलायचं. नजर अधू झाली, दुकान बंद केलं, पण खोड गेली नाही. अजून कुणाच्या घरी गेलं की आधी भिंतीवरचं घड्याळ बघणार आणि मग चहाला हो म्हणणार.

कोंबड्या मात्र माझ्या. मागच्या अंगणात जाळीचं खुराडं, त्यात डझनभर कोंबड्या आणि एक माजलेला कोंबडा. दाणापाणी, खुराडं खरवडणं, कुणाचा पाय सुजला, कुणी अंडी घालायची थांबली, सगळं मीच बघते. सकाळी टोपली घेऊन घरोघर अंडी द्यायला जाते, ती दुपारी परत येते. ह्यांना मी खुराड्यात पाऊल टाकू देत नसे. एकदा टाकलं होतं, तेव्हा दार उघडं राहिलं आणि आम्ही दोघं म्हातारे गल्लीभर कोंबड्यांमागे धावलो. लोकांची चांगली करमणूक झाली.

मुलगा गेल्याला तीन वर्षं झाली. सून चांगली आहे, मी तिला कधी नावं ठेवली नाहीत आणि ठेवणारही नाही. तिनं पुन्हा लग्न ठरवलं तेही सगळ्यांत आधी मला सांगितलं. लग्नानंतर ती खूप लांब राहायला जाणार होती आणि आमची नात अर्थातच तिच्याबरोबर. सुट्टीत पोरीला इकडे पाठवशील का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, मी अडवणार नाही. पण ढकलणारही नाही. तिला स्वतःला यावंसं वाटलं पाहिजे."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. म्हणून तर आमचा जीव टांगणीला लागला. सात वर्षांच्या पोरीला दोन म्हाताऱ्यांकडे काय म्हणून यावंसं वाटावं? बरोबरीचं कुणी नाही, घरातला टीव्हीसुद्धा धड लागत नाही. हिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण एका जागी ठरत नसे. इथे आली की खुराड्यासमोर मात्र तासन्‌तास बसायची.

म्हणून मी ठरवलं, जाण्याआधी ती शेवटची येईल तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत पिल्लं निघाली पाहिजेत. त्यातलं एक तिनं निवडायचं, ते तिचं. मग ते केवढं झालं बघायला तरी येईल. सुनेनं रविवार सांगितला होता. उबवणीचे तीन आठवडे मी त्या दिवसापासून मागे मोजले आणि कैदाशिणीखाली अंडी ठेवली. कैदाशीण म्हणजे माझी तांबडी कोंबडी. स्वभाव नावाप्रमाणे, पण खुडूक झाली की अंडी सोडून हलत नाही.

आठवड्यानं मी एकेक अंडं टॉर्चवर धरून ह्यांना दाखवलं. आत लाल शिरा, मधे एक ठिपका हलतोय. हे इतके हरखले, की त्या दिवसापासून रोज दोनदा कोंबडीची चौकशी करायला लागले. मी बाळंत झाले होते तेव्हा एवढी केली नव्हती.

रविवार दोन दिवसांवर आला आणि सुनेचा फोन आला. पोरीला ताप आहे, रविवारी नाही जमणार, पुढच्या शनिवारी नक्की. ह्यांचा चेहरा उतरला. पिल्लं शनिवारपर्यंत थांबवता येतील का, असं मला विचारायला लागले. मी म्हटलं, अहो, ती अंडी आहेत, अलार्म नाही. तेही हसले. मग म्हणाले, मागे एकदा तू म्हणाली होतीस, कोंबडी फार वेळ उठून राहिली तर उशीर होतो. मी भांडी घासत होते. होतो कधी एखादा दिवस, असं म्हणून गेले.

रविवार गेला. एकाही अंड्याला चीर पडली नाही. सोमवारीही नाही, मंगळवारीही नाही. माझंच मोजायला चुकलं असेल असं मी म्हणत राहिले, आणि हे आपले खुशीत. "थांबलीत बघ भिंगरीसाठी," असं दोनदा म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शुक्रवारी माझी चप्पल तुटली आणि मी अर्ध्यातून घरी आले. गल्लीतच कोंबडीचा आरडाओरडा कानावर आला. अंगणात बांबूचं डालगं पालथं घातलेलं, वर दगड ठेवलेला आणि खाली कैदाशीण. बाहेर पडायला धडपडून तिनं चोचीतून रक्त काढलं होतं. आणि अंडी मोरीत, थंड फरशीवर नीट ओळीनं मांडलेली. वर ओलं फडकं. शेजारी स्टुलावर हे, हातात घड्याळ.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. किती दिवस चाललंय हे, म्हटलं. फोन आल्यापासून, म्हणाले. तू गेलीस की उतरवतो, तू यायच्या आत परत ठेवतो. सांगताना त्यांचा आवाज असा, की आता मी शाबासकी देईन.

मी अंडी उचलून अंधाऱ्या खोलीत नेली, टॉर्च लावला. सगळी काळी, आत काही हलत नाही. कोमट पाण्यात सोडून पाहिली. आत जीव असला की अंडं पाण्यात आपोआप डुचमळतं. ही नुसती तरंगत राहिली. शेवटी एक फोडलं. आत पुरतं झालेलं पिल्लू होतं, पिसांसकट, मान मुडपून बसलेलं. हे दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसले. दोघंही तिथंच बसून रडलो.

संध्याकाळी हे पिल्लंवाल्याकडे जाऊन आले. त्याचा नवा माल मंगळवारी येणार होता. मी अंडी परत कैदाशिणीखाली ठेवली. निदान कोंबडी बसलेली तरी दिसेल. ती बिचारी लगेच पंख पसरून बसली.

शनिवारी सून पोरीला घेऊन आली. पोर आली ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर. "आजी, तुमचे गुडघे कसे आहेत?" म्हणाली. ही मला तू म्हणायची. तिला हे 'तुम्ही' कुणी शिकवलं देव जाणे.

ह्यांनी तिला हाताला धरून खुराड्याकडे नेलं. आज-उद्या निघतील पिल्लं, असं सांगायला लागले. मी डोळे वटारले, पण माणूस थांबेना. कैदाशिणीखालून एक अंडं काढून त्यांनी पोरीच्या कानाला लावलं. आत चोच मारतंय, टकटक येतेय का बघ, म्हणाले. पोरीनं बराच वेळ ऐकलं. मग ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हो आजोबा," ती म्हणाली. "येतंय ऐकू."

निघताना सुनेनं तिला आमच्यासमोरच विचारलं, सुट्टीत यायचंय का इकडे. पोरीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"हो," म्हणाली. "येईन ना."

गाडी वळेपर्यंत हे हात हलवत राहिले. मग तडक मागच्या अंगणात. मी गेले तर खुराड्यात वाकून एकेक अंडं कानाला लावत होते. एखादं जिवंत असेल गं, म्हणाले, तिचे कान लहान, तिला बरोबर आलं ऐकू. सुट्टीत आली की तिच्यासाठी वेगळं छोटं खुराडं करू. कोपऱ्यातली जागासुद्धा दाखवली. मग एक अंडं माझ्या हातात दिलं.

मी कानाला लावलं. कोंबडीच्या उबेनं ते छान गरम होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "काही नाही आत."

"पण तिला आलं ना ऐकू."

"नाही आलं तिला."

"मग असं का म्हणाली?"

"तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाली."

माझ्या हातातलं अंडं घेऊन त्यांनी सावकाश परत ठेवलं. मग म्हणाले, "आणि सुट्टीत येईन म्हणाली, ते?"

मी टोपली ओढली आणि कैदाशिणीखालची अंडी काढायला लागले. ती माझ्या मनगटावर टोचत होती, आणि हे तिथंच उभे राहून उत्तराची वाट बघत होते.