माझ्या गळ्यातला लाल टॅग

होय, मीच बोलतेय. मालवाहू विमानाच्या कॉकपिटमधली तिसरी सीट. पुढे कॅप्टन आणि को-पायलट, त्यांच्या मागे भिंतीला घडी करून ठेवलेली मी. मला जम्पसीट म्हणतात. गादी नावापुरती, हात टेकायला जागा नाही आणि पाठ इतकी ताठ, की बसणाऱ्याला शिक्षा भोगतोय असं वाटावं. तरीही माझ्यासाठी माणसं धावत येतात. का येतात ते ऐका. त्यांना फुकटे म्हणणाऱ्यांनी तर नीट कान देऊनच ऐका!

वैमानिकाचं घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात, हे सर्रास चालतं. ड्यूटीवर पोचायचं कसं? प्रवासी विमानात जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर ज्या कंपनीचं विमान तिकडे निघालंय, तिच्या कॉकपिटच्या दारात जाऊन उभं राहायचं. आज तुम्ही आमच्या माणसाला न्या, उद्या आम्ही तुमच्या माणसाला नेऊ. अट एकच. कागदपत्रं झाली, विमानतळावरच्या माणसाने मान डोलावली, तरी दारात उभं राहून कॅप्टनला स्वतःच्या तोंडाने विचारायचं. तो 'बस' म्हणेपर्यंत माझी घडी उघडायची नाही. केस पांढरे झालेले वैमानिक त्या दारात टोपी काढून उभे राहिलेले मी पाहिलेत.

आमचं विमान मुळात प्रवाशांचं. जुनं झालं तशा आतल्या खुर्च्या उपटल्या आणि ते शारजाच्या एका मालवाहू कंपनीला विकलं. माझ्या सगळ्या बहिणी भंगारात गेल्या, मी तेवढी उरले. शारजा-मुंबई, मुंबई-शारजा. जाताना यंत्रांचे सुटे भाग, येताना भाजीपाला आणि आंबे. आंब्यांच्या दिवसांत कॉकपिटमध्ये असा घमघमाट सुटायचा, की को-पायलटचं अर्धं लक्ष मागे!

वैभवी माझी नेहमीची पाहुणी. ती मुंबईच्या एका विमान कंपनीत को-पायलट होती. घर दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला. नवरा अरुण बांधकाम कंपनीत इंजिनिअर, मुलगी ईरा ऊद मेथाच्या शाळेत दहावीला. वैभवी दारात उभी राहून विचारायची, "कॅप्टन, मे आय?" आणि आमचे पेशावरचे कॅप्टन हमदुल्ला मागे न बघताच म्हणायचे, "बैठो बेटा. बस मेरी चाय मत माँगना." मग विमान वर चढलं, की थर्मासमधला अर्धा चहा तिलाच द्यायचे.

आणि दोन हजार आठ उजाडलं. अमेरिकेत बँका कोसळल्या आणि हादरा दुबईपर्यंत आला. उतरताना खाली क्रेनच क्रेन दिसायच्या, पण हलणारी एक नाही. शिकलेल्या, राबलेल्या, धडधाकट माणसांना कंपन्यांनी एका दुपारीत निकामी ठरवलं. कोणी ठरवलं? ज्यांनी कधी साइटवर पाऊल ठेवलं नाही, त्यांनी! अरुणलाही नारळ मिळाला. आता घर उभं होतं ते वैभवीच्या एका नोकरीवर.

आमच्या कंपनीतही सुजीत नावाचा नवा मॅनेजर आला. मूळ पुण्याचा, बोलायला गोड. आल्या आल्या त्याने फर्मान काढलं, की दुसऱ्या कंपन्यांचे फुकटे वैमानिक आपल्या विमानात नकोत. कॅप्टन लोकांनी ते धुडकावलं. कॉकपिटमध्ये कोण बसेल हे कॅप्टन ठरवतो, मॅनेजर नाही! तेव्हा सुजीतने दुसरी वाट काढली. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी, एका सकाळी त्याच्या सांगण्यावरून इंजिनिअर वलीने माझ्या पट्ट्याला लाल टॅग बांधला. 'निकामी. वापरू नये.' माझ्या एकाही स्क्रूला गंज नव्हता हो! वलीने तो टॅग माझ्या पाठीमागे सारला. बहुधा त्यालाच बघवत नसावा.

नेमकी त्याच दुपारी वैभवी धापा टाकत शिडी चढून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत तिची परीक्षा होती, सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये. तिच्या कंपनीलाही माणसं कमी करायची होती. परीक्षेला जो येणार नाही त्याचं नाव कापणार, असा निरोपच होता. आणि मुंबईची प्रवासी विमानं खचाखच भरलेली. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, शिवाय नोकऱ्या गेलेली कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन परत निघालेली. आमच्यानंतर सकाळपर्यंत दुसरं काही नव्हतं.

कॉकपिटमध्ये फक्त को-पायलट आकडे जुळवत बसला होता. वैभवीने बॅग टाकली, माझी घडी उघडली आणि धपकन बसली.

"अरुण, पोचले रे! दुबईच्या दोन्ही विमानांत जागा नाही म्हणाले, म्हणून टॅक्सीने शारजाला आले. हो, बसलेसुद्धा."

फोनमधून ईराचा आवाज आला, "मॉम, जस्ट गो! बाबा इज मेकिंग खिचडी अगेन. वी विल सर्व्हाइव्ह."

वैभवी हसली. माझा मात्र जीव टांगणीला. अगं, विचारलंस कुठे तू?

"किसने बिठाया?"

दारात कॅप्टन हमदुल्ला उभे होते. या वेळी 'बेटा' नव्हतं.

वैभवीचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठली, माझी घडी घातली, बॅग उचलली आणि बाहेर रणरणत्या उन्हात शिडीवर जाऊन उभी राहिली. कॅप्टन आपल्या जागेवर बसले, तशी दारावर टकटक झाली.

"कॅप्टन, चुकले. मुंबईला पोचले नाही तर माझी नोकरी जाईल. मे आय?"

त्यांनी समोरची दोन-चार बटणं तपासली. मग म्हणाले, "बैठो बेटा."

तिने घडी उघडली आणि तो लाल टॅग खाली लोंबला. घाईत मघाशी तिला दिसलाच नव्हता. कॅप्टनने मागे वळून तो वाचला. टॅग असलेल्या सीटवर कोणाला बसवलं, तर कॅप्टनचंच लायसन्स जातं. तेवढ्यात सुजीत शिडी चढून आला.

"सॉरी हं मॅडम, सीट आऊट ऑफ सर्व्हिस आहे. सेफ्टी फर्स्ट."

"परवा तर हिच्यावरच बसून आले मी."

"परवाचं सोडा. आणि खरं सांगू? ही काय एसटी आहे, हात दाखवला की थांबायला?"

"एसटीत निदान धड सीटला मोडकी म्हणत नाहीत!"

शाब्बास पोरी! मला टाळ्या वाजवायला हात असते तर!

कॅप्टन हमदुल्ला शांतपणे उठले. एवढा भरभक्कम माणूस, आला आणि थेट माझ्यावर बसला. खांद्यावरून पट्टे ओढले, खटाखट लावले आणि हाक मारली, "वली!"

वली धावत वर आला.

"बताओ, इसमें टूटा क्या है?"

वलीने सुजीतकडे पाहिलं. सुजीत हळूच म्हणाला, "वली, बात हो चुकी है अपनी."

"ठीक है," कॅप्टन म्हणाले. "जब तक वली नहीं बोलेगा, मैं यहीं बैठा हूँ. जहाज तुम उडाओ, मॅनेजर साब."

रेडिओवर टॉवर विचारू लागला, निघायला तयार का? को-पायलट गालातल्या गालात हसत म्हणाला, "स्टँडबाय." खाली माल भरून झाला होता, शिडी काढणारे वर बघत होते. वलीच्या कपाळावर घाम. त्यालाही घर होतं, आणि त्या वर्षी कोणाची नोकरी केव्हा जाईल याचा नेम नव्हता. त्याने माझा पट्टा हिसडून पाहिला. माझं लॉक उघडलं, लावलं. मी इतक्या जोरात 'खट्' वाजले, की आयुष्यात तशी वाजले नव्हते!

"कुछ नहीं टूटा, कप्तान साब. इन्होंने बोला बांधो, हमने बांध दिया." त्याने खिशातून कटर काढलं आणि टॅग तोडला. "खलास."

कॅप्टनने तो टॅग सुजीतच्या हातात ठेवला. "ले जाओ हबीबी. अच्छी चीज के गले में फिर मत डालना. यल्ला, चलो, दरवाजा बंद करो!"

विमान वर चढेपर्यंत पाहुण्याने तोंड उघडायचं नाही, हाही आमच्याकडचा नियम. वैभवी दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरून होती. ढगांच्या वर गेल्यावर पुढून एक हात मागे आला. त्यात अर्धा कप चहा.

परतीच्या फेरीला ती दारात दिसली आणि ओरडलीच, "कॅप्टन, पास!" मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, आधी ते. मे आय?"

वलीला सुजीतने बरेच दिवस बाहेर उन्हात राबवलं, पण तो टिकला. वर्षभरात सुजीतलाच नारळ मिळाला. मला आनंद झाला नाही. बरं, थोडा झाला. पुढे वैभवीची कंपनी बंद पडली, तेव्हा ती आमच्याकडे आली. हमदुल्ला निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कॅप्टन म्हणून बसू लागली. दारात कोणी टोपी काढून उभं राहिलं, की मागे न बघता म्हणायची, "बैठो."

आता आमचं विमान रास अल खैमाच्या विमानतळावर एका कडेला उभं आहे. लवकरच ते तोडतील. माझ्या पट्ट्याला पुन्हा लाल टॅग आहे, पण हा खरा. वय झालं, तक्रार नाही. एवढंच मागते, की चालत्या सीटला आणि चालत्या माणसाला कोणाच्या सोयीसाठी निकामी म्हणू नका. आणि असा टॅग बांधायला कोणी सांगितलंच, तर आधी पट्टा ओढून बघा.

इथे मला शेवटचं आणलं ते वैभवीनेच. इंजिनं थांबली, को-पायलट उतरून गेला. ती उठली, बाहेर गेली आणि वळून त्याच दारात उभी राहिली. टोपी काढली. उघड्या दारावर टकटक केली.

"मे आय?"

पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती.

इतक्या वर्षांत माझ्यावर बसायला लोकांनी कॅप्टनला विचारलं, मला कोणीच नाही. ती उत्तराची वाट बघत थांबली. आणि मी, जिला पट्टा वाजवण्यापलीकडे काही येत नाही, ती जिवाच्या आकांताने म्हणत होते, बैठो बेटा, बैठो!