मास्तर कोरडं म्हणाले

गाडीखालून सरपटत बाहेर येता येता हुंगेमास्तरांनी पुतणीला इंजिन चालू करायला सांगितलं. तिने किल्ली फिरवली आणि तिच्या वडिलांच्या जुन्या गाडीने नव्या गाडीचा आवाज काढला. पुतणी हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं. थोरला भाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं, पण रडणाऱ्या माणसासमोर आपण हातांचं काय करायचं, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

हुंगेमास्तर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. काम संपलं की ते गाडीशी वाकत, डोळे मिटत आणि एक लांब श्वास घेत. मग सरळ उभे राहून एकच शब्द म्हणत, "कोरडं." म्हणजे पेट्रोल कुठेही गळत नाही. तो शब्द ऐकल्याशिवाय गिऱ्हाईक गाडी हलवत नसे. एकदा त्यांनी गाडीला हात न लावता, नुसतं जवळून जाताना, कुठली नळी चिरली आहे ते सांगितलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

थंडीत त्यांना सणकून ताप आला. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एक दिवस ते स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याशेजारी बसलेले असताना दूध करपून काळं झालं आणि त्यांना पत्ता लागला नाही. बायको म्हणाली, "अहो, लक्ष कुठाय तुमचं?" ते म्हणाले, विचारात होतो. खरं काय ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. वास न येणाऱ्या हुंगेमास्तराला लोक काय म्हणतील, हे त्यांना न विचारताच माहीत होतं. गाड्या येत राहिल्या. ते वाकत राहिले, डोळे मिटत राहिले आणि कोरडं म्हणत राहिले.

पुतणीच्या गाडीचं काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं, जुनं इंजिन काढून नवं बसवलं. जुन्या इंजिनाला पेट्रोल नुसतं झिरपत गेलं तरी चालायचं. नव्याला ते जोरात, दाबाने लागतं. जुन्या नळ्या त्या दाबाला टिकल्या नसत्या, म्हणून टाकीपासून पुढपर्यंत सगळी लाइन त्यांनी नवी टाकली. नळ्या जाड आणल्या. क्लिपाही नव्या, गुळगुळीत कडांच्या आणल्या. जुन्या खाचांच्या क्लिपा दाबाखाली रबरात रुततात आणि ते कापतात. टाकीच्या तोंडाशी, मागच्या सीटखाली, एक क्लिप कमी पडली. दुकान बंद होतं आणि पुतणीला त्याच दिवशी निघायचं होतं. मास्तरांनी डब्यातली एक जुनी क्लिप उचलली आणि आवळली. चालू करून बघू, गळली तर वास येईलच, असं त्यांच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं. सगळी उमर ते हात नाकाच्या भरवशावर चालले होते. नाक गेल्याचं हातांना कोणी कळवलंच नव्हतं.

आता इंजिन चालू झाल्यावर त्यांनी हात धुतले, ओल्याच हातांनी टाकीच्या झाकणावरची धूळ फडक्याने पुसली आणि सीट बसवली. मग दारातून डोकं आत घालून डोळे मिटले.

"कोरडं," ते म्हणाले.

पुतणीने आपल्या लेकीला, छोटीला, मागच्या सीटवर निजवलं आणि ती क्षणभर थांबली. "काका, थोडा वास येतोय ना?"

"नव्या नळ्यांचा असतो. दोन दिवस राहतो."

काकाच म्हणतायत म्हटल्यावर तिने मान हलवली. गाडी फाटकाबाहेर पडली. तिचा आवाज इतका साफ होता की मास्तरांना स्वतःचा अभिमान वाटला. भाऊ असता तर पाठ थोपटली असती, असंही वाटलं.

बायको चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच नाक दाबून उभी राहिली. "अहो, ते फडकं आधी बाहेर टाका. केवढा पेट्रोलचा भपकारा येतोय."

मास्तरांनी फडक्याकडे पाहिलं. ते त्यांनी धूळ पुसायला घेतलं होतं. मधोमध ते अजून ओलं होतं.

पुतणीने फोन उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही तिच्या वडिलांची शिकवण. मास्तरांनी स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक वळणावर ते आधी आकाशाकडे बघत होते, धूर दिसतो का ते. तोंडाने ते भावाची माफी मागत होते.

रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून ती सापडली. गाड्यांची रांग लागली होती. तिची गाडी मध्येच, इंजिन चालू ठेवून उभी. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून सिगारेटची राख झटकत होता.

मास्तर आधी त्याच्याकडे गेले. त्यांचा चेहरा बघून त्याने काही न विचारता सिगारेट आतच विझवली. मग त्यांनी पुतणीच्या काचेवर टकटक केली. "इंजिन बंद कर. छोटीला घे आणि लांब जा. काही विचारू नकोस."

त्यांनी सीट उचलली. छोटी निजली होती त्याच जागेखाली पत्रा पेट्रोलने चकाकत होता. नळीला क्लिपेच्या खाचेशी बारीक चीर पडली होती.

"मी म्हटलं होतं तुम्हाला, वास येतोय," पुतणी रस्त्याच्या कडेने म्हणाली.

"मला येत नाही गं. थंडीतल्या तापापासून काहीच येत नाही."

छोटीला तिने एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मास्तरांना वाटलं, आता ती रागावेल, किंवा जवळ येईल. ती म्हणाली, "मग तापानंतर तुम्ही कोरडं म्हणालात त्या गाड्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गॅरेज उघडलं नाही, ते गिऱ्हाइकांच्या दारी निघाले. शिंप्याच्या दारात त्याची व्हॅन उभी होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्यावर ते कोरडं म्हणाले होते. शिंपी बाहेर आला, हसला आणि त्याने बॉनेट उघडून दिलं. म्हणाला, घरपोच सेवा कधीपासून सुरू केली, हुंगा की मास्तर.

मास्तर वाकले नाहीत. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही हुंगा."

शिंप्याला आधी ती थट्टा वाटली. मग तो वाकला आणि मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.