खेदाची खूण

मावशींनी मूठ छातीवर ठेवली, डोळे झुकवले आणि मूठ सावकाश गोल फिरवली. एकदा, दोनदा. मग ती उघडून रिकामा तळहात समोरच्यांपुढे धरला. कर्णबधिर मंडळाच्या त्या लांबट खोलीत पन्नासेक माणसं बसली होती. सगळ्यांचे हात एकदम थांबले.

"असं म्हणाला तो," मावशींनी खुणांनी सांगितलं. "आजवर आपल्याला असं कोणी म्हटलं होतं?"

वडिलांना न्यायला आलेली पापणी दाराशीच थबकली. ती मूठ, ते झुकलेले डोळे, तो क्षणभराचा थांबा, सगळं तिचं होतं. आदल्या संध्याकाळी महापौरपदाच्या दोन उमेदवारांचा टीव्हीवर वादविवाद झाला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभं राहून इंजिनिअरसाहेबांचं बोलणं खुणांत सांगणारी तीच होती.

पापणी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती सारखी डोळे मिचकवायची, म्हणून मंडळातली माणसं डोळ्यापाशी दोन बोटांची उघडमीट करून तिला हाक मारत, आणि ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्या खुणेचंच नाव करून टाकलं. आईवडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वडील शिंपी. घरात ऐकू यायचं ते हिला एकटीला.

तिला पाहताच मावशींनी तिला पुढे ओढलं. उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेलेल्या त्या बाईचे हात राकट होते, पण पापणीचे गाल त्यांनी फार हळू धरले.

"तुझे उपकार कसे फेडायचे गं? तू होतीस म्हणून त्या माणसाचं मन आम्हाला दिसलं."

मग कळलं ते असं. मंडळाची मतं आठशेच्या वर होती आणि मागची निवडणूक सहाशेच्या फरकानं लागली होती. आजवर मंडळानं कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. या वेळी मात्र सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं होतं, इंजिनिअरसाहेबांना मत द्या असं आवाहन मंडळाच्या नावानं काढायचं. मजकूर तयार होता. गुरुवारी छापायला जाणार होता.

पापणी हसली, मान डोलावली, पण मावशींची नजर तिनं चुकवली. कारण स्टुडिओतून बाहेर पडताना रंगभूषा करणारी बाई, लिफ्टमधले लोक, सकाळी पाववाला, सगळे एकच सांगत होते, की वकीलबाईंनी मैदान मारलं. वकीलबाईंचा आवाजच तसा होता, मधाळ आणि भरलेला. त्या 'आपण' म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटे, आपल्याला घरात घेतलं. इंजिनिअरसाहेब मात्र कागदात नाक खुपसून, सामानाची यादी वाचावी तसे बोलले होते. शहर एक कार्यक्रम पाहून उठलं होतं आणि मंडळ दुसराच.

घरी आल्यावर तिनं रेकॉर्डिंग लावलं. आधी डोळे मिटून ऐकलं. मग आवाज बंद करून पाहिलं, आणि या वेळी स्वतःच्या चौकटीवर बोट धरून ती झाकली.

गेल्या वर्षी खालच्या वस्तीतली मोठी जलवाहिनी फुटली आणि अकरा दिवस पाणी नव्हतं, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. इंजिनिअरसाहेब त्या वेळी पाणी खात्यातच होते. "नागरिकांना त्रास झाला. त्याबद्दल खात्याला खेद आहे," असं ते म्हणाले आणि क्षणभर खाली पाहत थांबले. पापणीनं चित्र तिथंच थांबवलं. खाली पाहून ते पुढचं पान शोधत होते. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, ती ते नखानं सोडवत होते.

त्याच क्षणी कोपऱ्यातल्या चौकटीत तिची मूठ छातीवर गेली होती. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. पण त्या अकरा दिवसांत तिनं आणि बाबांनी तीन मजले बादल्या चढवल्या होत्या, बाबांचा खांदा तेव्हापासून धरला तो धरलाच, आणि कुणीतरी येऊन नुसतं चुकलं म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. कुणी आलं नव्हतं. काल तो शब्द कानावर पडला आणि उरलेलं तिच्या हातांनी भरून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांच्या दुकानात गेली. दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं, तशी त्यांनी मान वर केली आणि ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. टेबलावर एका कोटाची बाही पसरली होती. तिनं सगळं सांगितलं, चिकटलेल्या पानांसकट. ती थांबल्यावर बाबांनी खडूनं बाहीवर एक रेघ पूर्ण केली आणि मगच हात मोकळे केले.

"तू नऊ वर्षांची होतीस. आईला घेऊन आपण दवाखान्यात गेलो होतो. तिथला कारकून आठवतो?"

तिला आठवत होता. तो म्हणाला होता, 'यांच्याबरोबर कुणी धड माणूस नाही का? माझा वेळ फुकट घालवतात.' आणि तिनं बाबांना खुणेनं सांगितलं होतं, 'साहेब म्हणतात बसा जरा, मी सगळं नीट समजावून सांगतो.'

"त्याच्या नाकपुड्या मला दिसत होत्या," बाबा म्हणाले. "इतका चांगला बोलणारा माणूस तशा नाकपुड्या फुगवत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या आईलाही. शाळेतल्या बाई, घरमालक, बसमधला तो जाड्या, सगळ्यांचं माहीत होतं. घरी आलो की आम्ही दोघं हसायचो. ती म्हणायची, आपल्याला भेटलेली निम्मी भली माणसं आपल्या लेकीनंच तयार केली आहेत."

पापणी टेबलावरच्या टाचण्या एकेक करून उशीत खोचू लागली. बाबांनी तिचा हात धरून थांबवला, तिनं आपल्याकडे पाहावं म्हणून.

"नऊ वर्षांचं लेकरू आपल्याला जपतंय, त्याला काय सांगणार? तेव्हा आभार मानायचे राहून गेले. आज मानतो. त्या माणसांत आमचे दिवस फार बरे गेले."

रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी कपाट ओढत नेत होतं. तो कर्कश आवाज फक्त तिला ऐकू येत होता.

"आणि परवाचं?" तिनं शेवटी विचारलं.

"परवा मला खरा कारकून बघायचा होता," बाबा म्हणाले. "मत द्यायचंय मला."

बुधवारी संध्याकाळी ती मंडळात उभी राहिली. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं आणि कोपऱ्यातल्या चौकटीवर कागद चिकटवला. लोकांनी पहिल्यांदाच नुसत्या इंजिनिअरसाहेबांकडे पाहिलं. पानं सुटेपर्यंत खोलीत कुणाचंही बोट हललं नाही.

"ती माफी माझी होती," पापणीनं सांगितलं. "शब्द त्यांचे, पण मन माझं. माझं चुकलं."

एक सुतार ताडकन उठला. म्हणाला, म्हणजे आम्ही इंजिनिअरला नाही, तुलाच मत देत होतो. मागच्या रांगेतली एक बाई रागानं उठली. तिनं विचारलं, मग इतकी वर्षं तुझ्या हातून पाहिलेल्या बातम्यांचं काय? पापणीनं सांगितलं, की मला माहीत नाही.

मग गुरुजी उठले. वकीलबाईंचं बोलणं खुणांत सांगण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कर्णबधिरांच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. त्यांची एक खूण चुकलेली कुणी पाहिली नव्हती आणि त्यांचा चेहरा हललेलाही कुणी पाहिला नव्हता. ते म्हणाले, दोष द्यायचा तर मलाही द्या. वकीलबाई गाणं म्हटल्यासारख्या बोलल्या आणि मी ते तुम्हाला बसच्या वेळापत्रकासारखं वाचून दाखवलं. माझ्या नाकावर बसलेल्या माशीलासुद्धा कळत नाही, मला राग आलाय की बरं वाटतंय. यावर थोडं हसू फुटलं आणि सुतार खाली बसला.

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या पापणीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पान शोधत होता?"

"हो."

मावशींनी आवाहनाचा कागद घेतला, चौघडी केली आणि पुस्तक बांधणाऱ्याच्या सवयीनं घडीवरून अंगठा दाबून फिरवला. तो कागद त्यांनी आपल्या पिशवीत टाकला. आवाहन निघणार नव्हतं. दुसरा वादविवाद शनिवारी होता. त्यात मध्यंतरानंतर दुभाष्यांनी अदलाबदल करावी, असं पत्र मंडळानं टीव्ही वाहिनीला लिहिलं आणि वेळ वाढणार नसेल तर चालेल, असं वाहिनीनं कळवलं.

शनिवारी आधी वकीलबाई पापणीच्या वाट्याला आल्या. त्या बोलू लागल्या तसे तिचे हात आपोआप लांब, गोल फिरू लागले. आवाज चढला की ते चढत, उतरला की पाण्यावर पान टेकावं तसे उतरत. हा गोडवा मंडळाला आजवर दिसलाच नव्हता, तो तिनं हातचं न राखता दिला. खालच्या वस्तीतली जुनी जलवाहिनी कोणत्या वर्षी बदलणार, असं त्यांना विचारलं गेलं. "तुमची तहान मी माझ्या घरातली तहान मानते," त्या म्हणाल्या, आणि तेही पापणीनं तितक्याच मायेनं सांगितलं. पण वर्ष आलं नाही. तिचे हात हवेत थांबले, वाट पाहिली, आणि रिकामेच खाली आले. तिथं काहीतरी भरायला बोटं शिवशिवत होती. तिनं ती एकमेकांत गुंतवून धरली.

मध्यंतरानंतर इंजिनिअरसाहेब. जलवाहिनी बदलायला तीन वर्षं लागतील, पहिल्या वर्षी रस्ते खणलेले राहतील, असं त्यांनी त्याच सपाट सुरात वाचून दाखवलं. तिनंही ते तसंच, छोट्या कोरड्या खुणांत सांगितलं. मग पुन्हा ते अकरा दिवस निघाले. "त्याबद्दल खात्याला खेद आहे," त्यांनी वाचलं. पापणीची मूठ छातीला जेमतेम टेकली आणि निघाली.

इंजिनिअरसाहेबांनी कागद खाली ठेवला.

"दुरुस्तीच्या हुकमावर सही माझी हवी होती," ते म्हणाले. आवाज तोच, चढ नाही की उतार नाही. "मी दुसऱ्या अहवालाची वाट पाहत बसलो. त्यात सहा दिवस गेले. ते माझ्यामुळे गेले."

सबंध वर्ष जे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हे. तिचे हात वर जाऊ पाहत होते. तिनं डोळे सरळ ठेवले. सही. माझी. वाट पाहिली. सहा दिवस. माझ्यामुळे. एकेक खूण तिनं त्यांच्या आवाजाएवढीच ठेवली, काडीभरही मोठी नाही. गुरुजी पलीकडून तिच्याकडे पाहत होते. त्यांची एक भुवई वर गेलेली तिनं त्या दिवशी पाहिली.

रविवारी सकाळी ती मंडळात गेली तेव्हा दार उघडंच होतं आणि आत रणधुमाळी चालली होती. सुतार दोन्ही हातांनी विचारत होता, चूक कबूल करतो आणि वर मत मागतो, हा कुठला न्याय? मावशी सांगत होत्या, मला तो काल मुळीच आवडला नाही, चेहरा म्हणजे कोरा पुठ्ठा. पण तीन वर्षं म्हणाला आणि खड्डेही सांगितले, दुसरीनं नुसतं गाणं म्हटलं. मागच्या रांगेतल्या बाईला ते गाणंच पटलं होतं. ती म्हणत होती, तुमची तहान माझी म्हणणारा माणूस आधी यायला हवा, वर्षं मागून ठरवता येतात. कुणी सहा दिवस बोटांवर मोजून दाखवत होतं, कुणी ते बोट धरून खाली करत होतं. एका सुरात कुणीच नव्हतं.

पापणी दारात उभी राहिली. कुणी तिचे गाल धरले नाहीत. कुणी तिच्या हातांचं कौतुक केलं नाही. काल चौकटीत कोण होतं, याची कुणाला आठवणही दिसत नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसायला चक्क खिडकीकडे वळली.

बाबा खोलीच्या मधोमध बसून सुताराशी भांडत होते. लेक आल्याचं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण वाक्य न तोडता, हात तसेच चालू ठेवून, त्यांनी पायानं एक रिकामी खुर्ची तिच्याकडे सरकवली.