मास्तरांच्या कानातला आवाज

एल्फेगो ब्रिंगास मेला तर मेक्सिकोतल्या निम्म्या बायका देवळात मेणबत्ती लावतील, तीही आनंदाने, असं मास्तर स्वतःबद्दलच सांगायचे आणि सांगताना खुलायचे. मालिकांमधला खलनायक म्हणून त्यांची उभी हयात गेली. भावजयीला विष घालणारा दीर, पुतणीची जमीन गिळणारा काका, आंधळ्या नायिकेला जिन्यावरून ढकलणारा वकील. मंडईतल्या भाजीवाल्या त्यांना कोथिंबीर विकत नसत. एकदा एकीने त्यांच्या पाठीत कांद्याच्या पातीची जुडी हाणली. मास्तरांनी ती जुडी स्टुडिओत आणून मेकअपच्या आरशाला टांगली.

"बघ चायो," मला म्हणाले, "याला म्हणतात बक्षीस. बाकीच्यांना मिळतात ते नुसते पितळेचे बाहुले."

मी चायो. मी त्यांच्या कानात बोलायचे. आमच्याकडे मालिकेतले नट पाठांतर करत नाहीत. रोज एक भाग हातावेगळा करायचा म्हटल्यावर सवड कुणाला? नटाच्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र असतं आणि वर काचेच्या खोलीत माईक घेऊन प्रॉम्प्टर बसलेली असते. मी वाक्य वाचायचे, मास्तर ते बोलायचे. 'खिडकीकडे जा, वळा, हसा' हेही मीच सांगायचे. आमच्या कामाचा एकच नियम: प्रॉम्प्टरने सपाट वाचायचं. राग, लोभ, काही घालायचं नाही, ते नटाचं काम. मी किराणा सामानाची यादी वाचावी तसं वाचायचे, 'तुझं मूल मीच विकलं, मार्गारिता', आणि खाली मास्तरांच्या तोंडून ते असं निघायचं की कॅमेरावाला छातीवर क्रूस काढायचा.

घरी नोएमी होती. आई लवकर गेलेली, एकुलती एक पोर. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात. चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉलमध्ये बाप गुडघ्यावर बसून लेकीच्या पायातले सपाट बूट काढतो आणि पहिले उंच टाचांचे बूट चढवतो, आणि मग दोघं नाचतात. नेमक्या त्या वर्षी मास्तर पडद्यावर अनाथाश्रमातली मुलं विकत होते. शाळेतल्या आयांनी आपल्या पोरींना पाठवलंच नाही. हॉलभर रिकाम्या खुर्च्या, दोन-चार आत्या-मावश्या, वाजंत्री आणि आम्ही स्टुडिओतली मंडळी. आणि मास्तरांनी काय करावं? मासिकाचा फोटोग्राफर बोलावलेला! बूट हातात घेऊन गुडघ्यावर बसले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठाचा एक कोपरा उचलून ते ठेवणीतलं हसू हसले. पोरगी वर तशीच उभी. फोटो मुखपृष्ठावर आला.

त्या रात्री नोएमी त्यांना म्हणाली होती, "पप्पा, 'माझं चुकलं', एवढं एकदा म्हणा. तुमच्या स्वतःच्या आवाजात." मास्तर हसले. तेच, खलनायकाचं हसू. माणूस गांगरला की त्याला जे येतं ते करतो, आणि मास्तरांना तेवढंच येत होतं, असं मी मनाशी म्हणते. पण त्यांचा राग मला आजही येतो. पोरगी शिकली, मॉन्तेरेला शाळेत शिक्षिका झाली, आणि नाताळच्या एका फोनपुरती उरली.

गेल्या वर्षी मालिकेच्या शेवटच्या आठवड्यात मास्तर मेकअपच्या खुर्चीतच एका अंगावर कलंडले. हातपाय वाचले, वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसते डोळे फिरवायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. दवाखान्यात मला ते बघवेना. इतक्या वर्षांची सवय, मी वाकून त्यांच्या कानात सपाट म्हटलं, "पाणी."

"पाणी," मास्तर म्हणाले. खणखणीत, रुबाबात.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूतली शब्द शोधायची जागा गेली, ऐकलेलं परत म्हणायची शाबूत आहे. आमचा दिग्दर्शक पलोमारेस कोपऱ्यात फुलं घेऊन उभा होता. त्याचे डोळे असे चमकले की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"शेवटचा प्रसंग तेवढा करू या, चायो. अख्खा देश त्याच्या मरणाची वाट बघतोय."

"जरा लाज बाळग रे!"

"त्यालाच विचार."

मास्तरांना काय विचारणार? पण स्टुडिओचं नाव काढल्यावर ते आपणहून बूट शोधायला लागले. जळत्या साखर कारखान्याच्या सेटवर त्यांना खांबाला टेकवून उभं केलं. मी वाचत गेले, ते बोलत गेले. देवाला शिव्या, नायिकेला शाप, एक शब्द अडखळला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मास्तर मागे वळून बघत होते, टाळ्या कुणाला म्हणून.

तो भाग दाखवला आणि दोन दिवसांनी नोएमी मास्तरांच्या घराच्या दारात उभी राहिली. हातात छोटी बॅग. मी मास्तरांसाठी कोंबडीचा रस्सा ढवळत होते.

"नोएमी!" मी म्हटलं. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं.

"वाचा गेल्याचं ऐकलं, ते सोंग?" नोएमी कडाडली. "टीव्हीवर तर परवा घडाघडा बोलत होतात. जगाला शिव्या द्यायला वाचा आहे, आणि लेक दारात आली की नाही?"

"पोरी, थांब जरा. सोंग नाही गं ते."

"चायो मावशी, तू तर त्यांचीच बाजू घेणार."

तोंडाने सांगून तिला पटेना. शेवटी मी स्टुडिओतल्या त्या यंत्राची आणि माईकची पेटी आणली. यंत्र मास्तरांच्या कानात बसवलं, माईक चालू केला आणि स्वयंपाकघरातून हळूच म्हटलं, "आज गुरुवार." बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "आज गुरुवार." जणू गुरुवारी ते कुणाला तरी पुरणार होते.

नोएमी भिंतीला टेकली. मग म्हणाली, "दे तो माईक."

"अगं, शब्द तुझेच असतील. त्याला काय अर्थ?"

"असू देत माझे. मला एकदा ऐकायचंय. चारच्या बसने जाते मग."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि माईकमध्ये म्हणाली, "नोएमी, माझं चुकलं."

मास्तर ताठ बसले. ओठाचा एक कोपरा वर गेला. "नोएमी... माझं चुकलं."

मार्गारिताला सांगितलं होतं त्याच आवाजात. तिने पुन्हा म्हटलं, मऊ करून. पुन्हा तेच, गोड विषासारखं. तिसऱ्या वेळी वाक्य अर्ध्यावरच तुटलं. ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. माईक हातात तसाच चालू.

आणि खिडकीजवळून हुंदका आला.

मी चमचा खाली ठेवला. आमच्या मालिकांत खलनायक रडत नाही. इतक्या वर्षांत त्या कानात मी रडण्याचं एक वाक्य वाचलं नव्हतं. हा आवाज मला ठाऊकच नव्हता. बारीक, चिरका, म्हाताऱ्या माणसाचा. नोएमी उठली, धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली, माईकसकट त्यांचे दोन्ही गाल हातात धरले.

"पप्पा? हे तुमचं रडणं आहे ना?"

"पप्पा? हे तुमचं रडणं आहे ना?" मास्तर म्हणाले.

तिने बटण बंद केलं. मास्तर तिथल्या तिथे थांबले. चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला. मान वर करून ते छताच्या कोपऱ्याकडे बघू लागले, स्टुडिओत माझी काचेची खोली असायची तिकडे, पुढच्या वाक्याची वाट बघत.

मी म्हटलं, "नोएमी, बाळा, बस चुकेल." मला तिथून तिला बाहेर काढायचं होतं. जे बघितलं ते पुरे होतं.

ती उठली. बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. तिथे उभी राहून तिने नाक पुसलं, माईक तोंडाशी धरला, बटण चालू केलं. आणि माझ्यासारखं, अगदी सपाट, किराण्याची यादी वाचावी तसं म्हणाली, "जाऊ नकोस."

"जाऊ नकोस," मास्तर म्हणाले. ज्या आवाजात त्यांनी आजवर सगळ्या नायिकांची वाट अडवली होती, त्याच आवाजात.

नोएमीने बॅग खाली ठेवली.