पायाची आग थांबली तेव्हा

मी बूट बोलतोय. जोडीतला, डाव्या पायाचा. बूट काय बोलणार, पायातली वहाण पायातच बरी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण मी पायात होतो म्हणूनच मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला नाही, आणि आता गप्प राहवत नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही, एक तो चिकट द्रावणाचा उग्र वास सोडला तर. खरं आयुष्य सुरू झालं ते मदिन्यात, एका दुकानाच्या फळीवर. तिथे एका संध्याकाळी मुनाफ आपल्या खोलीतल्या सोबत्याला दंडाला धरून घेऊन आला. मुनाफ रायगडचा, हॉटेलात आचारी. सोबती बदरुद्दीन दापोलीकडचा, त्याच हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या कोठीवर. दोघांची पन्नाशी उलटलेली, दोघांची घरं कोकणात आणि दोघांचं निम्मं आयुष्य इथे.

"बदरूभाय, चपला फटकावत चालणं म्हणजे व्यायाम नव्हे," मुनाफ म्हणाला. "साखर वाढलीय, डॉक्टरने चालायला सांगितलंय. बूट घे गुमान."

"अरे, या वयात मला काय पळायच्या शर्यतीत उतरवतोस?" बदरुद्दीन हसला. पण त्याने मला हातात घेतलं, वाकवून पाहिलं आणि पायात चढवलं. त्याचा तळवा गरम होता, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं.

हळूहळू कळलं. साखरेने त्याच्या तळपायांची आग व्हायची. ड्युटीवरून आला की तो आम्हाला पलंगाखाली सारायचा आणि पाय ओल्या टॉवेलात गुंडाळून बसायचा. डॉक्टरच्या गोळ्या होत्याच. शिवाय खतीजाचं चूर्ण होतं. खतीजा म्हणजे त्याची बायको, गावाला असायची. जांभळाच्या बिया, मेथी आणि वाळवलेलं कारलं ती स्वतः कुटायची, वस्त्रगाळ करायची, आणि गावाहून जो कुणी परत इकडे येईल त्याच्या बॅगेत एक पुडा बदरुद्दीनच्या नावाचा असायचाच. सकाळी कोमट पाण्यातून ते घेताना त्याचं तोंड असं काही व्हायचं की मुनाफला हसू आवरायचं नाही.

"हस, हस. कडू आहे म्हणूनच गुण येणार," बदरुद्दीन म्हणायचा.

चूर्ण घेऊन तो चालायला निघायचा. आता खोटं कशाला बोलू, ते माझे सुखाचे दिवस होते. पहिल्यांदा थोडं चालला की धापा टाकायचा, मग दम वाढला. पोट उतरलं, पँटला नवं भोक पाडलेला पट्टा आला. शनिवारी कुबा मशिदीला पायी जायची इथे रीत आहे, आणि बदरुद्दीनने एक शनिवार चुकवला नाही. वाटेत तो खतीजाला फोन लावायचा आणि मोबाईल फिरवून तिला झाडं दाखवायचा, दुकानं दाखवायचा, खेळणारी पोरं दाखवायचा.

"तू उमऱ्याच्या यात्रेला ये," तो सांगायचा. "तुला इथून कुबापर्यंत पायी नेतो. टॅक्सीचं नाव काढायचं नाही."

"मी चालेन हो, घाटीची चढण माझी रोजची आहे. तुमचंच बघा," ती म्हणायची, आणि तो खूश व्हायचा. त्याच्या मनात तेवढी एकच हौस उरली होती. बायकोला सोबत घेऊन त्या रस्त्याने एकदा चालायचं.

मग एक दिवस पायाची आग थांबली.

काय आनंद झाला त्याला! मुनाफला मिठी मारली, खतीजाला फोन केला. तिकडे तिने शेजारीपाजारी मिठाई वाटली. "सांगितलं होतं ना तुम्हाला, झाडपाल्याचा गुण सावकाश येतो पण मुळापासून येतो," ती म्हणाली. बदरुद्दीन म्हणाला, "तुझ्या हाताला यश आहे." त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने गोळ्या बंद केल्या. खतीजा फोनवर विचारायची, गोळ्या घेता ना, तर हा बिनदिक्कत सांगायचा, घेतो की.

मुनाफने टोकलं. "डॉक्टरला न विचारता?"

"दुखणं गेलं, आता डॉक्टरला काय दाखवू? बरा झालेला पाय?"

मला मात्र चैन पडेना. पाय बरा झाला असता तर तो माझ्यात बरा वागला असता. पण तळवा आता मुका झाला होता. आधी आत वाळूचा कण गेला तरी बदरुद्दीन थांबून मला काढायचा. आता पाय नुसता पडायचा, उचलला जायचा आणि पडायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्याचं जळणं बंद झालं आणि कळणंही बंद झालं. आग विझली नव्हती हो, आग सांगणाऱ्या नसाच मेल्या होत्या. मी हे कुणाला सांगू? बुटाला जीभ असते, पण ती काही कामाची नसते.

तशात खतीजाने कुणाकडून तरी ऐकलं, खजुराच्या बिया भाजून, दळून घेतल्या तर साखरेला फार चांगल्या. "तिथे तर खजुराचा पाऊस पडतो. जमवून पाठवा, मी चूर्णात घालते." झालं. सोमवार-गुरुवारच्या रोज्यांना मशिदीच्या अंगणात इफ्तारीची दस्तरख्वानं, म्हणजे जेवणाच्या लांब चादरी, अंथरली जातात, खजूर वाटले जातात. बदरुद्दीन स्वतःच्या बिया ठेवायचाच, शेजारी बसलेल्यांच्याही मागून घ्यायचा. लोक हसून द्यायचे. आणि ठेवायचा कुठे? आम्हा जोड्याला ज्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो आत न्यायचा, त्याच पिशवीत.

अशीच एक बी माझ्या तोंडातून आत घरंगळली आणि आतल्या गादीची कड सुटली होती तिथून गादीखाली शिरली. दोन्हीकडून टोकदार, खडखडीत बी. त्याने मला घातलं, नाडी बांधली आणि चालू लागला. मला वाटलं, आता थांबेल. कोपऱ्यावर थांबेल. तो थेट खोलीपर्यंत आला, आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच निघाला.

त्या दिवसांत मी फार तळमळलो. प्रत्येक पावलाला बी त्याच्या तळव्यात रुतायची आणि वरून तो खतीजाशी हसत बोलत असायचा. नमाजाआधी वजूला तो पाय धुवायचा, पण नळाखाली पाय धरणं वेगळं आणि तळवा उचलून बघणं वेगळं. आधी घट्टा पडला. मग घट्ट्याखाली पाणी धरलं. मग मोजा ओला होऊ लागला, आणि त्याला वाटलं घाम आहे.

वास मुनाफला आला. त्याने बदरुद्दीनला पलंगावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि मोजा काढला. तळवा उजेडाकडे वळवला.

"दुखत नाही रे," बदरुद्दीन म्हणाला.

"तेच तर, बदरूभाय," मुनाफ म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, बुटात काही रुतत होतं का? मुनाफने मला उलटा करून दोनदा झटकलं. काही पडलं नाही. बी गादीखाली घट्ट बसली होती. नाही म्हणाले दोघे. पू वर चढला होता, साखर तर विचारूच नका. आधी बोटं गेली, मग घोट्याच्या वरून पाय गेला. मी त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीत खोलीवर परत आलो, आणि पलंगाखाली उजव्याशेजारी पडून राहिलो.

बदरुद्दीन खोलीवर परतल्यावर खतीजा आली, पण ज्यासाठी यायची होती त्यासाठी नव्हे. तिला फोनवर नुसतं जखम म्हणून सांगितलं होतं. दारात उभं राहून तिने चादरीखालचा एकच पाय पाहिला आणि ती जमिनीवरच बसली. "माझ्या चूर्णाने झालं का?" हाच तिचा पहिला प्रश्न.

"चूर्णाने नाही. गोळ्या मी सोडल्या, तुला खोटं सांगितलं," बदरुद्दीन म्हणाला. डॉक्टरनेही तिला तेच सांगितलं, चूर्ण वाईट नाही, चालणंही वाईट नाही, पण गोळी सोडायला नको होती आणि रोज तळवा बघायला हवा होता. ती मान डोलवायची. रडताना तिचा आवाज होत नसे.

शनिवारी ती त्याला चाकाच्या खुर्चीतून कुबाला घेऊन गेली. उजवा गेला, मी खोलीतच राहिलो. परत आल्यावर उजव्याने सांगितलं की वाटेत त्याने तिला एकही झाड दाखवलं नाही. ती ढकलत होती आणि तो आपल्या पायाकडे बघत होता.

म्हणून सांगतो, ऐका या जुन्या जोड्याचं. चाला, जरूर चाला. मेथी घ्या, कारलं घ्या, मी कोण नको म्हणणारा. पण साखरेच्या माणसाचं दुखणं अचानक थांबलं तर मिठाई वाटू नका, डॉक्टरकडे जा. रोज तळवा बघा, वाकवत नसेल तर घरच्यांना बघू द्या. आणि बूट नुसता झटकून ठेवू नका, आत हात घालून बघत जा.

आज त्यांचं विमान आहे. खतीजा सकाळपासून सामान बांधतेय. उजवा केव्हाच बदरुद्दीनच्या पायात गेला, नाडीसुद्धा तिनेच बांधली. मी उरलो. मुनाफ म्हणाला, "भाभी, हा राहू दे, याचा आता काय उपयोग." पण तिने मला उचललं, पदराने पुसलं. नवऱ्याचा पाय जिथे असायचा तिथे तिने आपला हात घातला, सावकाश, पार चवड्यापर्यंत.

तिचं बोट थांबलं. एवढे दिवस त्याच्या पायाला जे कळलं नाही, ते तिच्या बोटाला एका क्षणात कळलं. तिने गादी उचकटली आणि बी बाहेर काढली. रक्ताने काळी पडली होती, पण खजुराची बी ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिनेच तर मागवल्या होत्या.

दारातून खुर्चीतल्या बदरुद्दीनने विचारलं, "काय गं, काय सापडलं?"

खतीजाने मूठ मिटली.

"काही नाही," ती म्हणाली. "खडा होता."