लाल झाकणाचा डबा

जावयाच्या हातात तेलाची बुधली दिसली आणि मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

गॅरेजात खोललेलं इंजिन लेकीच्या, शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनचं. ती व्हॅन चालवायची, त्यावर तिचं घर चालायचं. बेअरिंग, रिंगा सगळं नवं घालून आता जुळणी चालली होती. शाळा उघडायला महिना, तोवर इंजिन नुसतं पडून राहणार. साधं तेल चार दिवसांत ओघळून जातं, मग पहिल्याच स्टार्टला बेअरिंग कोरडी फिरतात आणि खेळ खलास. तिथे चिकटून राहणारं घट्ट वंगणच हवं. जावयाला हे कळत नसेल? कळत असणारच. म्हणजे मुद्दाम टाळाटाळ, दुसरं काय.

"जावईबापू, बेअरिंगला काय लावलंत?"

"वंगणच, मामा. तेल फक्त बोल्टच्या आट्यांना," जावई मान वर न करता म्हणाला.

आवाज कसा अगदी गोड. लग्नाच्या बैठकीतही असाच गोड होता. मिस्त्रींना तेव्हाही पटला नव्हता.

जावई जेवायला गेला. मिस्त्रींनी लगोलग स्टँडवर उलटं धरलेल्या इंजिनाच्या, बेअरिंगवर बसणाऱ्या कॅप सोडल्या. बेअरिंगवर पाण्यासारखं रंगहीन काहीतरी चमकत होतं. त्यांच्या ओळखीचं वंगण काळं असायचं. सापडला बेटा. पुसताना फडकं जरा चिकटलं, पण तिकडे कोण लक्ष देतो. फळीवरचा लाल झाकणाचा डबा काढून त्यांनी ब्रशने काळं वंगण चोपडलं आणि कॅप आवळल्या. लेकीचा संसार वाचवल्यासारखं वाटलं त्यांना.

जावई परतला. "मामा, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट कुठे असते?"

"हिरव्या डब्यात." डब्यांवर चिठ्ठ्या लावणं मिस्त्रींना कमीपणाचं वाटे. सगळं डोक्यात आहे, म्हणायचे.

हिरवा डबा रिकामा निघाला. तळाला भोक. ते बघताच मिस्त्रींना आठवलं. डबा गळतो म्हणून गेल्या महिन्यात त्यांनीच पेस्ट वंगणाच्या लाल झाकणाच्या रिकाम्या डब्यात काढली होती. काळीच ती, पण वाळूसारखी खरखरीत, लोखंड खाणारी.

"राहू दे, मग बघू. आधी इंजिन एकदा हाताने फिरवतो," म्हणत जावयाने क्रँकला पाना लावला.

गप्प बसलं असतं तर खापर जावयावर फुटलं असतं. तो विचार मिस्त्रींच्या मनात आला, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"फिरवू नका," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर मी कॅप उघडल्या. वंगण पुसून चुकून लाल झाकणाच्या डब्यातली तीच पेस्ट लावली."

जावयाने क्रँकवरून पाना काढला. मग बेंचखालून त्याने अर्धी संपलेली ट्यूब काढून दाखवली. नवं वंगण, रंगहीन, बोटाला गच्च चिकटणारं.

तो कॅप सोडायला लागला. मिस्त्रींनी मदतीला पाना उचलला.

"मामा, तुम्ही बसा," जावई म्हणाला. आवाज तसाच गोड होता. पण लाल झाकणाचा डबा त्याने उचलून आपल्या बाजूला ठेवला, मिस्त्रींचा हात पोचणार नाही असा.