शेपटाकडचं वजन

नोला प्रोचास्काने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. नेब्रास्काच्या पश्चिम कोपऱ्यातले खडीचे रस्ते, हिमवादळं, एकदा तर थेट समोरच्या काचेवर येऊन आदळलेलं हरीण. पण एकाही पोराला तिने ओरखडा येऊ दिला नव्हता. घरची गाडी मात्र कायम तिचा नवरा अ‍ॅल्व्हिन चालवायचा. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी त्यात बदल नव्हता. ती शेजारी बसायची, मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचांचा, डबा घेऊन, आणि गाडी आपणच चालवत असल्यासारखी रस्त्यावर नजर ठेवायची.

अ‍ॅल्व्हिनला दगडांचं वेड होतं. नद्यांच्या पात्रांतून, उकरलेल्या टेकड्यांतून त्याने तीस वर्षं अकीक जमवले होते. कापून, घासून, चकाकी देऊन ते लाकडी खोक्यांत भरून ठेवले होते. निवृत्तीनंतर त्याने जुना अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेतला. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. हिवाळाभर अ‍ॅरिझोनात राहायचं, तिथल्या दगडांच्या बाजारात टेबल मांडायचं, आणि मार्चमध्ये परत यायचं, असा बेत होता. निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून अकरा खोकी ट्रेलरच्या पुढच्या भागात, ओट्याखाली रचली. नोलाची कंबर धरली होती. ती शेजारणीकडे चाव्या द्यायला गेली आणि तासाभराने परत आली, तेव्हा अ‍ॅल्व्हिन घामाघूम होऊन पायरीवर बसला होता.

"काय केलंस रे एवढं?"

"पट्टे आवळले. झालं सगळं. बघ, कसा सरळ उभा आहे."

ट्रेलर खरंच सरळ उभा होता. दुपारी त्याच्या भाराने तो ओढणाऱ्या पिकअपची मागची बाजू खाली बसली होती आणि नाक वर आलं होतं. आता गाडी कशी आडव्या रेषेत दिसत होती. नोलाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वायोमिंगची हद्द ओलांडल्यावर वारा सुरू झाला. डावीकडून येणारा, न थांबणारा, गवत जमिनीला टेकवणारा वारा. मैलभराने नोलाला आसनाखालून काहीतरी जाणवलं. कुणीतरी मागून गाडीचा शर्ट धरून हळूच ओढावा, सोडावा, पुन्हा ओढावा, तसं. बाजूच्या आरशात ट्रेलरची कड दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे.

"मागचा हलतोय," ती म्हणाली.

"वारा आहे."

लॅरामीला पंपावर थांबले, तेव्हा गुरांचा ट्रक चालवणारा एक दणकट म्हातारा त्यांच्याकडे आला. अंगावर शेणाचे शिंतोडे, तोंडात काडी.

"हा ट्रेलर तुमचाच ना? पंधरा मैल तुमच्या मागे होतो मी. शेपूट हलवतोय तो."

"वाऱ्याला काय करणार? देवाकडे अर्ज करू?" अ‍ॅल्व्हिन हसून म्हणाला.

म्हातारा हसला नाही. "वाऱ्याने हलतो तो एकदा हलून थांबतो. तुमचा हलतो, आणि मग स्वतःच स्वतःला हलवत राहतो. शेपटाकडे वजन जास्त झालं की असं होतं. मागे काय भरलंय?"

"कपडेलत्ते," अ‍ॅल्व्हिन म्हणाला आणि पैसे द्यायला आत निघून गेला.

नोलाला त्या उत्तराचं नवल वाटलं, पण अनोळखी माणसाला दगडांबद्दल सांगणं त्याला आवडत नसे, म्हणून तिने सोडून दिलं. म्हातारा मात्र तिथेच उभा होता.

"बाई, जरा इकडे या." त्याने पिकअपच्या खिडकीतून बोट दाखवलं. स्टिअरिंगच्या उजवीकडे, खाली, एक छोटी काळी डबी बसवलेली होती आणि तिला एक कळ होती. "ही कधी वापरलीत?"

"नाही. ह्याने बसवून घेतली, एवढंच माहीत आहे."

"मागचा झुलायला लागला की माणूस घाबरतो आणि ब्रेकवर पाय देतो. पुढची गाडी थांबायला बघते, मागचा तिला ढकलतो, आणि मग दोघं कात्रीसारखी मिटतात. ब्रेकला हात लावायचा नाही. पाय उचलायचा, चाक सरळ धरायचं, हलवायचं नाही, आणि ही कळ दाबायची. हिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. तो मागे ओढला गेला की सरळ होतो."

"त्यालाच सांगा ना."

"सांगितलं असतं. पण ते ऐकून घेणाऱ्यांतले वाटले नाहीत." त्याने काडी थुंकली. "पंचावन्न मैलांच्या वर वेग जाऊ देऊ नका. पुढे एल्क माउंटनच्या आसपास वारा आणखी वाईट आहे."

नोलाने अ‍ॅल्व्हिनला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, निदान मान हलवत होता. दहा मैल त्याने पंचावन्नवर काढले. मग मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत बाजूने जायला लागले आणि काटा साठवर गेला, मग पासष्टवर.

"अ‍ॅल्व्हिन."

"अगं, ह्या वेगाने जानेवारी उजाडेल."

थोड्या वेळाने दोन रस्त्यांच्या मधल्या गवतात त्यांना एक ट्रेलर दिसला. नुसता आडवा पडला नव्हता, खोक्यासारखा फुटला होता. उशा, एक गुलाबी अंगरखा, कागदी ताटं, सगळं काटेरी तारेला जाऊन चिकटलं होतं आणि वाऱ्याने फडफडत होतं. आसपास माणूस नव्हतं. कधीचा होता कोण जाणे. अ‍ॅल्व्हिनने तिकडे बघितलं, पण पाय उचलला नाही. नोलाने कोलाचांचा डबा मांडीवरून काढून पायाशी ठेवला. का ठेवला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

मग लांबलचक उतार लागला. डावीकडे डोंगर, त्याच्या माथ्यावर ढग अडकलेला. गाडी आपोआप वेग घेत होती. आरशात एक मोठा ट्रक मोठा होत गेला, डाव्या बाजूला आला, आणि क्षणभर वारा थांबला. ट्रक पुढे सरकला आणि अडलेला वारा एकदम येऊन ट्रेलरवर आदळला.

मागचा भाग उजवीकडे गेला. मग डावीकडे. मग आणखी उजवीकडे. पिकअपचं बूड कुणी लाथा मारल्यासारखं फेकलं जात होतं. आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, खिडक्यांसकट, आणि लगेच दुसऱ्या आरशात दिसली. अ‍ॅल्व्हिन चाक इकडून तिकडे फिरवत होता, प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिरा.

"ब्रेक नको!" नोला ओरडली.

त्याचा पाय आधीच ब्रेकवर पडला होता. पिकअपचं नाक खाली गेलं, मागून धक्का बसला आणि समोरचा रस्ता काचेतून तिरका सरकला.

"पाय काढ! अ‍ॅल्व्हिन, पाय काढ म्हणते ना!" बसमधल्या दंगेखोर पोरांसाठी राखलेला तो आवाज त्रेचाळीस वर्षांत तिने नवऱ्यावर कधी काढला नव्हता. त्याने पाय उचलला. तिने डाव्या हाताने चाकाचा खालचा भाग घट्ट धरला, त्याच्या हातांना हलू दिलं नाही, आणि उजवा हात आडवा घालून ती कळ दाबली. पूर्ण दाबून धरली.

काही झालं नाही. निदान तिला तसं वाटलं. मग मागून रबराचा चरचरीत आवाज आला आणि कुणीतरी लगाम खेचावा तशी गाडी ताणली गेली. एक हेलकावा. दुसरा, थोडा लहान. तिसरा. सत्तर, साठ, पन्नास. तिने बोट सोडलं नाही. चाकं रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावरून गुरगुरत गेली आणि ते थांबले.

अ‍ॅल्व्हिनचे हात चाकावरून सुटत नव्हते. नोलाने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"मी मागे नेली खोकी," तो म्हणाला.

"काय?"

"तू शेजारी गेली होतीस तेव्हा. पिकअप खाली बसली होती ना. पुढचा भार कमी केला तर सरळ होईल असं वाटलं. सगळी मागच्या पलंगाखाली ठेवली. सरळ झालीही."

नोलाने त्याच्याकडे बघितलं. रागावायला तिच्या अंगात जोर नव्हता. "म्हणून त्या माणसाला कपडे म्हणालास."

"तो बरोबर बोलतोय हे कळलं होतं मला," अ‍ॅल्व्हिन म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं."

बाजूने जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर उभा ट्रेलरही थरथरत होता. त्यांनी अकरा खोकी बाहेर काढली. सहा पुढे, ट्रेलरच्या चाकांच्या थोडी पुढे, तळाशी रचली. पाच खोक्यांतले दगड अ‍ॅल्व्हिनने रस्त्याकडेच्या चरात ओतले. नोलाने नको म्हटलं तरी ऐकेना. लाल, निळसर, मधासारखे दगड खडीत मिसळून गेले. तो मागे वळून न बघता पिकअपकडे आला आणि उजवीकडच्या, नोलाच्या नेहमीच्या जागेच्या दारातून आत बसला.

नोलाने पन्नासवर गाडी ठेवली. मागचा आता हलत नव्हता. तासाभराने रॉलिन्सला पोचले, तेव्हा तिच्या पाठीत घट्ट बसलेली गाठ पहिल्यांदा थोडी सैल झाली. तरी खात्री करून घ्यावी म्हणून ती वेल्डिंगच्या एका दुकानात गेली. तिथली बाई, डेलोरिस नाव, पाठीवर आडवी होऊन ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याखाली सरकली. दिवा लावला. बराच वेळ बाहेर आली नाही.

"कुठून आलात असेच?" खालूनच तिने विचारलं.

"एल्क माउंटनच्या अलीकडून."

डेलोरिस बाहेर आली, हात पुसले आणि नोलाला वाकायला सांगितलं. उजवीकडची लोखंडी तुळई जोडापासून वीतभर अंतरावर चिरली होती. वरची दोन बोटांएवढी जाडी शाबूत होती, बाकीच्या फटीतून दिव्याचा उजेड आरपार दिसत होता.

"एखादा मोठा खड्डा लागला असता तर..." डेलोरिस म्हणाली.

पन्नास मैल. त्या पन्नास मैलांत नोला निवांत झाली होती. एकदा तर गुणगुणलीही होती. तिने दुकानाच्या भिंतीला हात टेकला.

"जोडून देते, पट्टी मारून," डेलोरिस म्हणाली. "पण तुम्ही पुढे जाणार आहात का?"

अ‍ॅल्व्हिन नोलाकडे बघत होता. निर्णय तिचा होता, हे त्याने न बोलता मान्य केलं होतं. बाहेर समोरच्या पंपावरचा झेंडा पत्र्यासारखा ताठ उभा होता.

"वारा पडेपर्यंत थांबू," ती म्हणाली.

वारा पाचव्या दिवशी पडला. मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्यांनी, एकदाही पंचावन्नच्या वर न जाता, ते नवव्या दिवशी अ‍ॅरिझोनात पोचले. उरलेले दगड विकले गेले, आणि फेब्रुवारीअखेर ट्रेलरही. घेणाऱ्याला नोलाने वेल्डिंगची जागा स्वतः वाकून दाखवली आणि वजन कुठे ठेवायचं ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तो हसत होता.

परतताना पिकअपच्या मागे काहीच नव्हतं. तरीही नोला दर दोन मिनिटांनी आरशात बघत होती, आणि तिथला, त्या पन्नास मैलांसारखाच शांत, मोकळा रस्ता दिसला की तिचे हात चाकावर आणखी घट्ट होत होते.